आधी चौक, मग भिंती : ख्रिस्तोफर बेनिंजर यांची वास्तुरचना आणि पुण्याचा औद्योगिक पट्टा

पुण्याच्या वायव्येला पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्याला गेल्या सत्तर वर्षांत कारखान्यांनी आकार दिला आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी येथे मोठे कारखाने व त्यांना सुटे भाग पुरवणारे लघुउद्योग एकामागोमाग उभे राहिले. 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, 1982 साली महानगरपालिका आली आणि नव्या शतकात उद्योगांचा ओघ इंद्रायणी ओलांडून चाकणकडे वळला. इतक्या वेगाने वाढणाऱ्या प्रदेशात इमारत कशी असावी हे बहुतेक वेळा खर्च, मुदत आणि चटईक्षेत्र या तीन गोष्टींवरूनच ठरते. त्या इमारतीत वावरणाऱ्या माणसाला ऊन, वारा, पाऊस आणि सोबतीची माणसे कशी भेटतील, हा प्रश्न आराखडा मंजूर झाल्यावर उरला तर विचारला जातो. याच पट्ट्याच्या अवतीभवती, मुळशी, मावळ आणि पुणे शहरात, हा प्रश्न सर्वांत आधी विचारून बांधलेल्या काही वास्तू उभ्या आहेत. त्या रचणारे ख्रिस्तोफर बेनिंजर जन्माने अमेरिकी असले, तरी 1976 पासून 2 ऑक्टोबर 2024 रोजी झालेल्या निधनापर्यंत त्यांची कर्मभूमी पुणे हीच होती.

अमेरिकेतून अहमदाबाद, अहमदाबादहून पुणे

बेनिंजर यांचा जन्म 1942 साली अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला आणि बालपण फ्लोरिडात गेले. शाळकरी वयात नाताळची भेट म्हणून मिळालेल्या फ्रँक लॉइड राइट यांच्या ‘द नॅचरल हाऊस’ या पुस्तकाने आपल्याला वास्तुकलेकडे ओढले, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. घर हे जमिनीतून उगवल्यासारखे असावे, त्याचे साहित्य आणि त्याचा आकार त्या जागेनेच सुचवावा, हा राइट यांचा आग्रह पुढे बेनिंजर यांच्या कामात कायम दिसत राहिला. हार्वर्डमध्ये त्यांनी वास्तुकलेचे आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत नगररचनेचे शिक्षण घेतले. होसे लुइस सर्ट यांच्यासारख्या आधुनिकतावादी वास्तुकारांच्या सहवासात त्यांची जडणघडण झाली, आणि काही काळ त्यांनी हार्वर्डमध्ये अध्यापनही केले.

1968 साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते अहमदाबादला आले आणि तेथे बाळकृष्ण दोशी यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. मूळचे पुण्याचे असलेल्या दोशींनी अहमदाबादेत वास्तुकलेचे विद्यालय उभे केले होते. आता नगररचनेचे विद्यालय सुरू करण्यासाठी त्यांनी बेनिंजर यांना बोलावले, तेव्हा हार्वर्डमधील अध्यापकपद सोडून ते 1971 साली पुन्हा भारतात आले. एकेक इमारत रचण्याआधी त्यांनी वस्त्या, नगरे आणि गरिबांचा निवारा यांवर काम केले, हा क्रम त्यांची पुढची वास्तुरचना समजून घेताना ध्यानात ठेवावा लागतो.

या काळात त्यांनी हाताळलेली महत्त्वाची कल्पना म्हणजे भूखंड व सेवा योजना. अशा योजनेत सरकार गरीब कुटुंबाला तयार घर देत नाही. ते आखलेला छोटा भूखंड, पाण्याचा नळ, सांडपाण्याची जोडणी, रस्ता आणि फार तर शौचालयाचा गाभा पुरवते, आणि कुटुंब आपल्या ऐपतीप्रमाणे त्यावर आधी एक खोली, मग दुसरी, मग वरचा मजला असे घर वाढवत नेते. मद्रासमधील अरुंबाक्कम येथे या पद्धतीच्या वसाहतीशी बेनिंजर यांचा संबंध होता. सार्वजनिक पैसा मर्यादित असताना तो भिंतींवर खर्च न करता जी गोष्ट एकटे कुटुंब कधीच उभारू शकणार नाही, म्हणजे पाणी, गटार आणि जमिनीचा हक्क, त्यावर खर्च करावा, असा या योजनेमागचा हिशेब आहे.

1976 साली ते पुण्यात आले आणि पर्यावरणाच्या अभ्यासक अनिता गोखले-बेनिंजर यांच्यासह त्यांनी ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज अँड अॅक्टिव्हिटीज’ ही विकास-नियोजनाची संस्था स्थापन केली. खेडी, तालुके आणि छोटी शहरे यांचे नियोजन स्थानिक माहितीच्या आधारे कसे करावे, याचे शिक्षण व संशोधन हे या संस्थेचे क्षेत्र होते. बावधनच्या टेकडीलगत संस्थेसाठी बांधलेला परिसर हा बेनिंजर यांच्या पुण्यातील वास्तुरचनेचा पहिला ठळक नमुना म्हणता येईल. काळ्या दगडाच्या भिंती, उतरती छपरे, ठेंगण्या इमारती आणि त्यांना जोडणारे चौक व पायऱ्या, ही त्यांच्या पुढच्या कामाची बाराखडी येथेच तयार झाली.

मुळशीच्या टेकडीवरील वाडे

या बाराखडीतून घडलेली त्यांची सर्वांत गाजलेली वास्तू म्हणजे मुळशी तालुक्यात पौडजवळच्या टेकडीवर 1997 साली सुरू झालेले महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज. निरनिराळ्या देशांतील मुलामुलींनी एकत्र राहून शिकावे, या हेतूने 1962 साली वेल्समध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक चळवळीचे हे भारतातील महाविद्यालय आहे. मुळा नदीचे खोरे आणि सह्याद्रीच्या रांगा समोर दिसाव्यात अशा जागी, टेकडीचा उतार न फोडता त्याच्या कलाने बसवलेल्या छोट्या-छोट्या इमारतींचा तो समूह आहे. 2000 साली या रचनेला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सशी संलग्न असलेला ‘बिझनेस वीक-आर्किटेक्चरल रेकॉर्ड’ पुरस्कार मिळाला, आणि पुण्याच्या परिसरातील दगडी बांधकामाकडे जगाचे लक्ष गेले.

येथील मांडणी नीट पाहिली तर बेनिंजर यांची पद्धत उलगडते. परिसरात प्रवेश होतो तो ‘महाद्वार’ नावाच्या भव्य दगडी दरवाजातून. तेथून पुढे एकदम सगळे दिसत नाही. वाट वळते, चढते, कुठे भिंतीच्या सावलीत शिरते, कुठे दरीकडे उघडते, आणि मगच शैक्षणिक इमारतींनी वेढलेला मोठा चौक समोर येतो. विद्यार्थ्यांच्या निवासांचे जे समूह आहेत त्यांना संस्थेत आजही ‘वाडे’च म्हणतात. प्रत्येक वाड्यात लहान घरे मधल्या मोकळ्या जागेभोवती बसवलेली आहेत. त्यामुळे खोलीतून बाहेर पडणारा विद्यार्थी लांबलचक बोळात न येता दहा जण सहज बसू शकतील अशा अंगणात येतो. पुण्याच्या जुन्या वाड्यात दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी आणि माजघर अशी उघड्याकडून खासगीकडे जाणारी जी क्रमवार योजना होती, तिचे तत्त्व येथे घेतले आहे. कमानी, महिरपी किंवा कोरीव खांब यांची नक्कल मात्र केलेली नाही. परंपरेतून काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हा आधुनिक भारतीय वास्तुकारांपुढचा जुना पेच आहे, आणि बेनिंजर यांनी जागांचा क्रम घेऊन आणि अलंकरण सोडून तो आपल्यापुरता सोडवला.

भिंतींचा दगड हा दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला बेसॉल्ट. तो या भागात खोदेल तेथे मिळतो, त्यामुळे वाहतुकीचा खर्च वाचतो. पण तो कठीण असल्याने घडवायला वेळ आणि हातात कसब लागते. दगडाचे दर्शनी तोंड छिन्नी-हातोड्याने घडवायचे, मागची बाजू ओबडधोबड ठेवायची, दोन दगडांचे उभे सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत, ठरावीक अंतरावर भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत जाणारा आरपार दगड घालून दोन्ही थर बांधून टाकायचे, पोटात चिपा आणि माल ठासून भरायचा आणि शेवटी बाहेरून दरजा भरायच्या, हे काम नकाशावर रेघ मारण्याइतके सोपे नसते. महाराष्ट्रात पाथरवट आणि वडार समाजांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे, आणि सिमेंट-काँक्रीटच्या काळात तिला जी मागणी उरली नव्हती ती अशा वास्तूंनी काही प्रमाणात परत आणली.

जाड दगडी भिंतीचा हवामानाशी असलेला संबंधही समजून घेण्याजोगा आहे. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या परिसरात दुपार तापलेली आणि रात्र बरीच थंड असते. दगडाची जाड भिंत दिवसभर उष्णता शोषत राहते, पण ती उष्णता आतल्या बाजूला पोचेपर्यंत काही तास जातात आणि तोवर बाहेरची हवा उतरलेली असते. या गुणाला वास्तुविज्ञानात उष्णताधारण म्हणतात. उलट मुळशीतला पावसाळा हा सह्याद्रीच्या धारेजवळचा मुसळधार पावसाळा असतो, म्हणून तेथे उतरते कौलारू छप्पर आणि भिंतीपासून पुढे आलेली वळचण लागते, जेणेकरून पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात. उन्हाळ्यासाठी भिंत आणि पावसासाठी छप्पर, ही विभागणी मावळातल्या साध्या शेतकऱ्याच्या घरातही असते. बेनिंजर यांनी ती प्रयोगशाळा, भोजनगृह आणि सभागृह अशा आधुनिक गरजांच्या मापात बसवली.

साहित्य बदलले, पद्धत तीच

दगड आणि कौले हीच बेनिंजर यांची ओळख असे मानले, तर त्यांच्या नंतरच्या कामांची संगती लागत नाही. लोणावळ्याजवळ टाकवे खुर्द येथे, इंद्रायणीच्या वरच्या खोऱ्यात, जहाजांवरील अधिकारी घडवणाऱ्या ‘समुंद्र इन्स्टिट्यूट ऑफ मेरिटाइम स्टडीज’चा परिसर त्यांनी पोलाद, काच आणि उघड्या काँक्रीटमध्ये उभारला. जहाजाच्या यंत्रांवर काम शिकवणारी तेथील कार्यशाळा हे एक प्रकारचे कारखान्याचे शेडच आहे. तिच्या लांबलचक दर्शनी भिंतीच्या काचेत सौर विद्युतघट बसवले असून त्यांची क्षमता सुमारे 90 किलोवॅट आहे. छपरावर पॅनेल नंतर नेऊन ठेवण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. येथे मात्र वीज निर्माण करणारा घटक हाच भिंतीचा भाग आहे, तो थेट ऊन अडवतो आणि घटांमधल्या फटींतून सौम्य उजेड आत येऊ देतो. एकाच भिंतीकडून निवारा, सावली, उजेड आणि वीज अशी चार कामे करून घेण्याचा हा विचार औद्योगिक बांधकामाशी थेट नाते सांगतो.

पुण्याच्या पूर्वेला हडपसर येथे 2009 च्या सुमारास पूर्ण झालेले सुझलॉन कंपनीचे ‘वन अर्थ’ हे मुख्यालय याच मार्गावरचा पुढचा टप्पा होय. सुमारे 10 एकरांवरील या परिसरात उंच मनोरा टाळून ठेंगण्या इमारती मधल्या मोकळ्या जागेभोवती पसरवल्या आहेत, आणि या मध्याला पारंपरिक वास्तुशास्त्रातील ‘ब्रह्मस्थान’ हे नाव दिले आहे. आखलेल्या चौकोनाचे केंद्र बांधकामाविना मोकळे सोडावे, हा ब्रह्मस्थानाचा अर्थ. कार्यालयांच्या दर्शनी भागावर धातूच्या पट्ट्यांच्या झडपा आहेत, त्या ऊन अडवतात आणि उजेड आत घेतात, त्यामुळे दिवसा कृत्रिम दिव्यांची गरज कमी होते. छोट्या पवनचक्क्या आणि सौर पॅनेल मिळून परिसरात सुमारे 155 किलोवॅट क्षमतेची वीजनिर्मिती बसवलेली असून तिचा मोठा वाटा वाऱ्याचा आहे. या इमारतीला लीड पद्धतीतील प्लॅटिनम आणि भारतीय ‘गृह’ पद्धतीतील पंचतारांकित मानांकन मिळाले. इमारतीचा ऊर्जावापर, पाणी, साहित्य आणि आतील हवा तपासून गुण देणाऱ्या या मानांकन पद्धती आहेत. पहिली अमेरिकेत तयार झाली, तर दुसरी भारतातील हवामान आणि बांधकाम ध्यानात घेऊन येथेच घडवली गेली.

बावधनचा दगड, टाकव्याचे पोलाद आणि हडपसरच्या झडपा एका ओळीत ठेवल्या की साहित्य प्रत्येक वेळी बदललेले दिसते, आणि आराखड्याची सुरुवात मात्र प्रत्येक वेळी मोकळ्या जागेपासून झालेली दिसते. बहुतेक इमारतींत खोल्या आधी आखल्या जातात आणि जे उरते त्याला अंगण म्हटले जाते. बेनिंजर आधी चौक, वाट आणि सावली ठरवत आणि त्यांच्या कडेने भिंती उभ्या करत. पुण्यातील ‘इंडिया हाऊस’ या त्यांच्या स्वतःच्या वास्तूतही घर, कार्यालय आणि कलादालन एका आतल्या चौकाभोवतीच गुंफलेले आहे. माणसे एकमेकांना ठरवून भेटतात त्यापेक्षा जाता-येता जास्त भेटतात, आणि अशा भेटींना जागा देणे हेच वास्तुकाराचे मुख्य काम आहे, ही त्यांची धारणा होती. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या ‘लेटर्स टू अ यंग आर्किटेक्ट’ या पुस्तकात त्यांनी तरुण वास्तुकारांना दर्शनी देखाव्याच्या मोहापासून सावध केले आहे.

शहराच्या पातळीवर हीच धारणा त्यांनी दहा तत्त्वांत मांडली. भूतानची राजधानी थिंफूच्या विकास आराखड्यासाठी वापरलेल्या या तत्त्वांत निसर्गाशी समतोल, परंपरेशी समतोल, योग्य तंत्रज्ञान, लोकांचा परस्परसहवास, मानवी प्रमाण आणि वाहतुकीचा समतोल यांचा समावेश आहे. मानवी प्रमाण म्हणजे चालणाऱ्या माणसाचे पाऊल, त्याची नजर आणि त्याचा आवाज जेथवर पोचतो त्या मापाने रस्ते, चौक आणि इमारती आखणे. मोटारीच्या किंवा ट्रकच्या मापाने आखलेल्या शहरात हे प्रमाण सर्वांत आधी हरवते.

चाकण पट्ट्यासाठी अर्थ

या कामावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो. शाळा, प्रशिक्षणसंस्था आणि मोठ्या कंपनीचे मुख्यालय यांना ऐसपैस जमीन, संयमी मालक आणि पुरेसा पैसा मिळतो, म्हणून तेथे ठेंगण्या इमारती आणि प्रशस्त चौक परवडतात. जेथे गुंठ्याचा भाव गगनाला भिडला आहे आणि कारखान्याला ठरलेल्या महिन्यात उत्पादन सुरू करायचे आहे, तेथे या पद्धतीचा काय उपयोग, असा हा प्रश्न आहे. आक्षेपात तथ्य आहे, कारण वाकड किंवा मोशीच्या भूखंडावर मुळशीचे वाडे बांधता येणार नाहीत. मात्र पद्धत आणि तिचे दृश्य रूप या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पद्धत उचलता येते.

पहिले उदाहरण कारखान्याच्या शेडचे. चाकणमधील नवे शेड बहुधा आधी कारखान्यात तयार करून जागेवर आणून बोल्टने जोडलेल्या पोलादी सांगाड्याचे आणि पत्र्याचे असते. ते लवकर उभे राहते आणि खांबांविना मोठी रुंदी देते, पण पातळ पत्रा उष्णता धरून ठेवत नसल्याने उन्हाळ्यात ती सरळ खाली सोडतो. जुन्या पिढीच्या कारखान्यांत दातेरी छपराची उभी काच उत्तरेकडे ठेवत असत. आपल्या अक्षांशावर सूर्य वर्षाचा बहुतेक काळ दक्षिणेकडून जात असल्यामुळे उत्तरेच्या काचेतून झगमगाट आणि ताप न आणणारा एकसारखा उजेड मिळतो. दिशेचा हा हिशेब पोलादी शेडलाही लागू करता येतो. उष्णतारोधक थर, छपराच्या शिखरावरची हवा जाण्याची वाट आणि पश्चिमेच्या भिंतीवर सावली या गोष्टी आराखड्यातच धरल्या, तर त्यांचा खर्च एकूण खर्चाच्या तुलनेत फार वाढत नाही. नंतर पंखे, कूलर आणि वीजबिल यांच्या रूपाने मात्र तो वर्षानुवर्षे भरावा लागतो.

दुसरे उदाहरण मोठ्या गृहसंकुलांचे. 2020 साली राज्यात लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. प्रत्यक्षात ही जागा अनेकदा इमारती आणि वाहनतळ बसवून झाल्यावर एखाद्या कोपऱ्यात किंवा कुंपणालगतच्या पट्टीत मोजून दाखवली जाते. हेच दहा टक्के सर्वांत आधी मध्यभागी आखले, जिन्यांची आणि लिफ्टची तोंडे त्याकडे वळवली आणि दुपारी त्यावर इमारतीचीच सावली पडेल असे पाहिले, तर चटईक्षेत्र एक फूटही कमी न होता मुलांना खेळायला आणि वृद्धांना बसायला चौक मिळतो.

तिसरे आणि सर्वांत निकडीचे उदाहरण कामगारांच्या निवाऱ्याचे. चाकण औद्योगिक क्षेत्राभोवतीच्या महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी अशा गावांत बाहेरून आलेल्या कामगारांसाठी शेतांवर भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. त्या स्थानिक शेतकऱ्यांनी आपल्या पैशाने बांधल्या आहेत, आणि मागणी पाहता पुढेही बांधतील. येथे सरकारने किंवा महामंडळाने खोल्या बांधण्याची वाट पाहण्यापेक्षा रस्ता, गटार, पाणी आणि कचऱ्याची व्यवस्था आधी आखून दिली, प्रत्येक रांगेमागे वारा खेळेल इतके अंतर राखले आणि काही रांगांमध्ये एक चौक ठेवला, तर बाकीचे बांधकाम लोक स्वतः करू शकतात. पन्नास वर्षांपूर्वी अरुंबाक्कमसारख्या वसाहतींत राबवलेली भूखंड व सेवा योजना नेमके हेच सांगत होती. बेनिंजर यांच्या मुळशीतल्या दगडी भिंतींची छायाचित्रे जगभर पोचली, पण या पट्ट्याला त्यांच्या कारकिर्दीतील अधिक उपयोगी वारसा कदाचित हा सुरुवातीचा, कमी दिसणारा भाग आहे.

एखाद्या वास्तुकाराचे मोठेपण त्याच्या शैलीची नक्कल किती झाली यावरून मोजण्याची सवय आपल्याकडे आहे, आणि त्यामुळे काळा दगड व कौले लावलेली फार्महाऊसे मावळात जागोजाग दिसतात. बेनिंजर यांच्या कामाचा खरा स्वीकार मात्र पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये आराखड्याच्या पहिल्या कागदावर कोणती रेघ आधी ओढली जाते यावर ठरेल. नगररचना कार्यालय, उद्योजक, विकसक आणि येथील महाविद्यालयांतून बाहेर पडणारे तरुण वास्तुकार या सर्वांच्या हातात ती रेघ आहे. ती वाऱ्याच्या दिशेची, सावलीची आणि माणसे एकत्र येण्याच्या जागेची असावी, यासाठी जास्तीचा पैसा लागत नाही. खर्च, मुदत आणि चटईक्षेत्र यांचा हिशेब मांडण्याआधी त्या जागेत आयुष्य काढणाऱ्या माणसाचा विचार करण्याची तयारी मात्र लागते.